धूर कुणाचा आहे?

साळुंखे काकूंचा फोन आला तेव्हा मी नोएडाहून द्वारकेला परतत होते. मेट्रोत गर्दी होती, आवाज नीट येत नव्हता. "अगं, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, कुठेतरी गेले असतील, गाडी घेऊन गेले असतील, नेहमीसारखे न सांगता. मी विचारलं, "कुठे गेले?" काकू म्हणाल्या, "पोरी, चहा मागितला आणि मी आणेपर्यंत गेले." मी उभ्या उभ्या खांब धरून राहिले. शेजारच्या मुलीनं न विचारता मला तिची जागा दिली. या शहरात असं होतं कधी कधी.

सुभेदार साळुंखे काका आमच्या नात्यातले नव्हते. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून फौजेत भरती झाले, सगळी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली, शेवटची काही वर्षं दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होते, आणि निवृत्त झाल्यावर गावी परतायचं सोडून द्वारकेत फ्लॅट घेऊन राहिले. का, असं विचारलं की म्हणायचे, "गावात ट्रॅक्टर सोडून काय बिघडत नाही. माणूस सुस्त होतो." उंच, आडदांड, मिशीला रोज तेल लावणारे, आणि स्वतःची तारीफ करायला अजिबात न लाजणारे. "माझ्यासारखा कान अख्ख्या डेपोत कुणाला नव्हता," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातला विराम कुठे येतो तेही मला पाठ आहे.

माझं घर नेमकं उलट. माझे बाबा नोएडातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. जेवताना आमच्याकडे किमान वेतनावर वाद व्हायचे. त्यामुळे पहिल्या भेटीतच काका आणि मी भांडलो. ते म्हणाले, देशाला शिस्त पाहिजे. मी म्हणाले, शिस्त कुणाला आणि सूट कुणाला ते आधी ठरवा. तेव्हापासून त्यांनी मला नावच पाडलं. मी दिसले की लांबूनच हाक यायची, "या पत्रकवाल्या बाई! आज कुणाचा धिक्कार?" मीही त्यांना सोडायचे नाही. "आज तुमचाच आहे काका, सॅल्यूट मारून ऐका."

आम्हाला एकत्र आणलं ते एका ट्रकनं. द्वारकेतल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एक फिरता दवाखाना चालवला होता. सीएनजीवर चालणारा जुना ट्रक, मागच्या खोक्यात तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, छोटा फ्रिज. नवीन सेक्टर उभे राहतात तिथे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या असतात. तिथे आठवड्यातून काही दिवस हा ट्रक जायचा. बलबीर नावाचा हरियाणाचा ड्रायव्हर होता, अध्यक्ष होते केंद्र सरकारातून निवृत्त झालेले देशपांडे साहेब, गाडीची सगळी जबाबदारी काकांकडे, आणि पत्रकं, फलक, वर्गणीची आवाहनं माझ्याकडे. दिल्लीच्या हवेत खोकला हा आमचा मुख्य रुग्ण. लहान मुलं, म्हाताऱ्या बायका, सिमेंटमध्ये काम करणारे तरुण, सगळे छाती धरून यायचे.

ट्रकचं मूळ इंजिन म्हातारं झालं होतं. तेल खायचं. बलबीर तेलाचा डबा सीटच्या मागेच ठेवायचा आणि दर दोन दिवसांनी ओतायचा. तसंच ते बरेच महिने रेटलं आणि एक दिवस ते बसलं ते बसलंच. मग काकांनी गाझियाबादकडच्या एका गॅरेजातून दुसरं इंजिन शोधून आणलं, अपघातात चेपलेल्या पण इंजिन शाबूत राहिलेल्या ट्रकचं. स्वतः उभं राहून बसवून घेतलं. पहिल्या दिवशी त्याचा आवाज ऐकून म्हणाले, "ऐका! सतार वाजतेय."

आणि मग त्या सतारीतून धूर यायला लागला.

निळसर, जडसर धूर. सकाळी नसायचा. ट्रक वस्तीवर जाऊन उभा राहिला, फ्रिज आणि दिवे चालावेत म्हणून इंजिन मंद चालू ठेवलं, की थोड्या वेळानं मागून हळूहळू लोट निघायचे आणि थेट रांगेवर जायचे. एका बाईनं बाळाच्या नाकावर ओढणी धरली आणि बलबीरला म्हणाली, "भैया, दवाई लेने आए हैं, या बीमारी लेने?" त्या दिवशी काका तिथे होते. त्यांनी केबिनमध्ये चढून इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "धूर कुणाचा आहे ते कळेपर्यंत गाडी हलणार नाही." मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, खोकल्याचं औषध वाटणारी गाडीच धूर ओकते याला काय अर्थ आहे, हे वाक्य तोंडात तयार होतं. ते तोंडातच राहिलं. पुढचे दिवस औषधांची खोकी ई-रिक्षात घालून दवाखाना चालला.

धुरापेक्षा जोरात कुजबुज पसरली. सीएनजीची गाडी धूर टाकत नाही हे दिल्लीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. टाकत असेल तर इंजिन तेल जाळतंय, म्हणजे इंजिन झिजलेलं आहे, म्हणजे साळुंख्यांनी झिजलेलं इंजिन गळ्यात मारलं, म्हणजे... त्या 'म्हणजे'च्या पुढे कुणी उघड बोलत नव्हतं. दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र 'गॅरेजवाला त्यांच्या ओळखीचा आहे असं ऐकतो' अशा ओळी यायच्या आणि खाली हात जोडल्याची चिन्हं. देशपांडे साहेबांनी मला बोलावून घेतलं. "देख बेटा, देणगीदार विचारतायत. एक निवेदन काढू या. नाव नको कुणाचं, बस एवढंच की फसवणूक झाली, आम्ही चौकशी करतोय."

मी म्हणाले, "नाव नाही घातलं तरी सगळ्यांना नाव कळणार. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही." बाबांनी शिकवलेली ही एकच गोष्ट मी कधी मोडलेली नाही. कारखान्याच्या मालकाविरुद्ध पत्रक काढतानाही ते आधी मालकाला तीन प्रश्न लिहून पाठवायचे.

तिथून सरळ काकांच्या घरी गेले. ते बाल्कनीत मिशीला तेल लावत बसले होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काका, त्या इंजिनात तुम्ही काही खाल्लंत का?"

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतील.

"बस," म्हणाले. "एवढे दिवस सगळे माझ्या मागं बोलतायत. तोंडावर विचारणारी तू पहिली. काही खाल्लं नाही. एका चहाशिवाय काही नाही, आणि तो चहाही फिक्का होता." मग बोटं पुसत म्हणाले, "पण ही एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट वेगळी आहे. मी खाल्लं नाही म्हणून इंजिन चांगलं आहे असं होत नाही. माझा कान चुकू शकतो. इंजिन मी निवडलं, तर पहिला संशयित मी. रविवारी सगळ्यांना बोलाव. सगळ्यांसमोर बघू."

मी आयुष्यभर आरोप करणारी माणसं पाहिली आहेत, त्यांच्यातच वाढले आहे. आरोप नाकारणारीही पुष्कळ पाहिली. स्वतःवरचा आरोप असा हातात घेऊन, उलटापालटा करून, त्याचे दोन तुकडे करून, त्यातला एक खरा असू शकतो असं म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा होता. थंडी होती. देशपांडे साहेब मफलर गुंडाळून आले, आणखी काही मंडळी आली, काही निव्वळ तमाशा बघायला आली. बलबीरनं इंजिन चालू केलं आणि लगेच मागून पांढरा लोट उठला. "हे बघा!" देशपांडे साहेब म्हणाले. "बिल्कुल उघड आहे, काय तपासायचं राहिलं?"

काकांनी दवाखान्यातला स्टीलचा ट्रे घेतला आणि धुराच्या नळीच्या तोंडासमोर धरला. ट्रेवर थेंब जमले. त्यांनी तो साहेबांच्या समोर नेला. "बोट लावा." साहेबांनी नाइलाजानं लावलं. "पाणी आहे," साहेब म्हणाले. "वाफ आहे," काका म्हणाले. "गॅस जळला की पाणी होतं. थंडीत तुमच्या तोंडातून निघते ना आत्ता, तीच. ही सोडून द्या, ही निर्दोष."

मग आम्ही थांबलो. काकूंनी थर्मासमधून चहा आणला होता. वाफ हळूहळू विरळ झाली, आणि बऱ्याच वेळानं तो निळा धूर आला. वासासकट. सगळे मागे सरकले, काका पुढे सरकले. "आला. आरोपी हजर." त्यांनी ड्रेसिंगची पांढरी जाळीची पट्टी नळीसमोर धरली. पट्टीवर पिवळट तपकिरी डाग उमटला. बोटांनी चोळून म्हणाले, "तेल." आणि मग, अगदी शांतपणे, "म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा वाढला."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी बलबीरला विचारलं, "आपण तेल कधी घातलं?" बलबीर म्हणाला, "साबजी, नया इंजन लगा तब से एक बूँद नहीं डाला. रोज तेल की पट्टी देखता हूँ. जहाँ था वहीं है." काकांनी स्वतः इंजिनातून तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली, आणि प्रत्येकाला दाखवत फिरले. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. मग त्यांनी इंजिनाचे स्पार्क प्लग काढायला लावले. इंजिनात तेल जळत असेल तर प्लग काळे, ओले, चिकट निघतात, असं त्यांनी सांगितलं. ते कोरडे आणि स्वच्छ होते.

इथे माझा अंदाज होता की ते मिशीवर हात फिरवतील आणि म्हणतील, बघा, सतार. तसं काही झालं नाही. ते उलटे अस्वस्थ झाले. प्लग जागेवर बसवून इंजिन पुन्हा चालू करायला सांगितलं आणि एका उपड्या बादलीवर बसून धुराकडे बघत राहिले. "तेल जळतंय हे खरं," स्वतःशीच म्हणाले. "आणि इंजिनातलं तेल जळत नाही हेही खरं... मग हे तेल आलं कुठून?" तेवढ्या वेळात दोन माणसं कंटाळून निघून गेली. मी मात्र हलू शकत नव्हते. ते सुटायचा मार्ग शोधत नव्हते, हे मला दिसत होतं. सुटण्यापुरता पुरावा त्यांच्या हातात आलाच होता, आणि तो त्यांना पुरेसा वाटत नव्हता.

मग ते एकदम उठले. "साहेब, जुनं इंजिन तेल खायचं ना?"

"बेहद! डबेच्या डबे."

"ते सगळं तेल गेलं कुठं?"

"कुठं म्हणजे? जळलं."

"सगळं?" काका म्हणाले, आणि ट्रकच्या खाली शिरले. त्या वयात, त्या थंडीत, मातीत पाठ टेकून. इंजिन बंद करून बलबीरनं गोणपाटं हाताला गुंडाळली आणि दोघांनी मिळून तापलेला सायलेन्सर सोडवला. तो ओढून बाहेर मोकळ्यात ठेवला. "चालू कर," काकांनी खालूनच ओरडून सांगितलं.

सायलेन्सरविना चालू झालेल्या त्या इंजिनाचा आवाज काय सांगू. आजूबाजूच्या सगळ्या बाल्कन्यांमधून माणसं बाहेर आली. कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी वरून शिव्या दिल्या. काकांनी बाहेर येऊन नवी पट्टी उघड्या नळीसमोर धरली, बराच वेळ धरून ठेवली, आणि वर करून दाखवली. पांढरी. धुराचा मागमूस नव्हता.

आणि मागे, आमच्यापासून चार पावलांवर, कशालाही न जोडलेला तो सायलेन्सर मातीत पडल्या पडल्या एकटाच धुरत होता. त्याच्या दोन्ही तोंडांतून निळा धूर संथपणे वर चढत होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. तो धूर मेलेल्या इंजिनाचा होता. त्यानं महिनोन्‌महिने गिळलेलं तेल न जळता त्या डब्याच्या पोटात साठून राहिलं होतं, आणि नवं इंजिन रोज येऊन ते थोडं तापवत होतं, थोडं उडवत होतं. ट्रक लांब पळाला असता तर ते सगळं जळून कधीच संपलं असतं. आमचा ट्रक पळायचाच नाही. तो जवळच्या वस्तीवर जायचा आणि रुग्णांसाठी तासन्‌तास मंद आचेवर उभा राहायचा.

देशपांडे साहेबांनी पुढे येऊन काकांचा हात हातात घेतला. ते मनानं वाईट नव्हते. "सुभेदारसाहेब, माफ करना. बिल्कुल विषय संपला. मी आजच ग्रुपवर टाकतो, इंजिन निर्दोष आहे."

"संपला नाही," काका म्हणाले. "पुरतं टाका. इंजिन बदललं तेव्हा बलबीर म्हणाला होता, साबजी, सायलेन्सर भी नया ले लो. मी नाही म्हणालो. पत्रा चांगला होता. फौजेत अंगवळणी पडलंय, चालू वस्तू टाकून द्यायची नाही. आतून न बघता मी ती ठेवली. इतके दिवस त्या पोरांच्या नाकात धूर गेला तो माझ्यामुळं गेला. हेही लिहा."

साहेब गोंधळले. बलबीर खाली बघून म्हणाला, "अरे साबजी, छोड़ो ना." मी काकांना बाजूला ओढलं. मला संताप आला होता. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? लोकांनी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला होता. तो आत्ता धुतला गेला. थांबा ना तिथे!"

"तुझ्या पत्रकात अर्धी ओळ चालते का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग." आणि काकूंकडे वळून, "उरलाय का गं चहा?"

ग्रुपवर पूर्ण मजकूर गेला, मीच लिहिला, त्यांनी सांगितला तसा. आणि व्हायचं तेच झालं. चोरीबद्दल तोंडावर चकार शब्द न बोललेले लोक आता उघड बोलू लागले. 'म्हणजे चूक होतीच ना.' 'जबाबदार माणसानं काळजी घ्यायला हवी होती.' पुढच्या बैठकीत गाडीची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं ठरलं. विरोधात मी बोलले, बलबीर समितीवर नव्हता म्हणून त्याला बोलू दिलं नाही. मला त्या बैठकीचा आजही राग आहे आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही. ज्यांनी एकमेकांच्या कानाशी लागून माणसाला चोर ठरवलं त्यांना कुणी काही विचारलं नाही. ज्यानं स्वतःहून आपली चूक सांगितली त्याची चावी काढून घेतली. काकांनी ती टेबलावर ठेवली, वर म्हणाले, "ठराव बरोबर आहे. पुढच्या माणसाला सांगा, महिन्यातून एकदा तरी तिला लांब पळवा. दमवा तिला." आणि त्यानंतर ते शेवटपर्यंत दवाखान्याच्या दिवशी येत राहिले. रांग लावायचे, म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायचे, मुलांना दरडावून मास्क घालायला लावायचे आणि कुणी ऐकत असेल तर आपल्या कानाची थोरवी सांगायचे. ट्रक स्वच्छ चालत होता. मागे उभं राहून श्वास घेता येत होता.

मी पत्रकांवर वाढले, आजही पत्रकांवर माझा विश्वास आहे. पण त्या सकाळपासून लिहायला बसले की मला तो मातीत पडलेला डबा दिसतो. धूर दिसला की जवळच्या इंजिनाकडे बोट दाखवणं सोपं असतं. तो कधीचा आहे, कुणाच्या पोटातला आहे, हे बघायला पाठ टेकून खाली शिरावं लागतं. आणि खाली शिरल्यावर आपलंच नाव सापडलं तर ते घेऊन बाहेर यावं लागतं... इतकं मोठं काम करताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. घर आवरलेलं होतं. मी विचारलं, "काकू, घरीही ते असेच होते का?"

"विचारू नको!" काकू म्हणाल्या. "भांडण काढावं तर हे आधीच स्वतःचं सांगून मोकळे. 'दूध उतू गेलं ते मी बोलत बसलो म्हणून, आता तू तुझं सांग.' मी काय सांगणार, कपाळ? आयुष्यात एक भांडण मला धड जिंकू दिलं नाही त्या माणसानं." आणि त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावून बराच वेळ तशाच बसल्या.

तेवढ्यात बेल वाजली. नळ दुरुस्त करणारा आला होता. त्यानं परवा बसवलेला नळ गळत होता आणि काकूंनी त्याला फोनवर बरंच सुनावलं होतं म्हणे. तो दारातच भांडणाच्या पवित्र्यात उभा राहिला. "आंटीजी, मैंने तो ठीक लगाया था, आप लोग..."

काकूंनी डोळे पुसले, उठल्या आणि त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला.

"सुनो भैया, पहले मेरा सुन लो. कल मैंने ही ज़ोर से घुमाया था, पक्कड़ लेके. अब तुम बताओ, तुम्हारी तरफ से क्या रह गया था."

मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि तो माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "आंटीजी... वॉशर पुराना ही डाल दिया था."